अभ्रकाचे दोन पापुद्रे

पुंडलिकराव कळंब्यांचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही, हे पांढुर्ण्यात चहाच्या टपरीपासून भाजीबाजारापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या प्रणालीला, त्यांच्या लेकीला. म्हणजे दिसत तिलाही होतंच, पण मानायचं नव्हतं. आणि माणूस एकदा मानायचं नाही असं ठरवून बसला की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी काय करणार?

प्रणाली सौंसरला दिलेली, तिथल्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण. दर रविवारी बस धरून बापाकडे यायची, भाजी-भाकरी करून ठेवायची, कपडे धुवायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत पुंडलिकरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एके काळी इथल्या लग्नात, गणपतीत, सप्ताहात जो काही आवाज व्हायचा तो पुंडलिकरावांनी बांधलेल्या मशीनमधूनच व्हायचा. कारखान्याचा माल त्यांना पटायचाच नाही. पत्रा स्वतः कापणार, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळणार, आणि वरून गिऱ्हाइकाला ऐकवणार, "आवाज कमी ठेवजो. माहं मशीन आहे, बैल नाई."

पण गेल्या दोनेक वर्षांत गाडं रुळावरून घसरलं. एकाचा मिक्सर दुसऱ्याच्याच हातात दिला. पंखा उघडला आणि उघडाच ठेवला, कोणाचा ते आठवेना. लोक शहाणे असतात, भांडत नाहीत, नुसते यायचे थांबतात. दिवाळीच्या आधी तर कहरच झाला. पुंडलिकराव तिगावच्या स्टेशनावर बाकावर बसलेले सापडले, तेही चालत गेलेले. ओळखीच्या एकानं विचारलं, काका, इथं काय करून राहिले? म्हणाले, "पॅसेंजरची वाट पाहून राहिलो." कुठं जायचं आहे? तर म्हणाले, "घरी."

ते ऐकून योगेश नागपूरहून धावत आला. योगेश म्हणजे प्रणालीचा मोठा भाऊ. आता मुलगा नागपूरला फ्लॅटमध्ये राहतो म्हटलं की लोक लगेच त्याला खलनायक करून टाकतात. तसं काही नव्हतं हो. बायको चांगली, तो चांगला, बापासाठी खोली रिकामी करून ठेवलेली. फक्त ती खोली चौथ्या माळ्यावर होती आणि तिच्या खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची भिंत दिसायची.

"तिथं मी काय कबुतरं मोजू?" पुंडलिकराव म्हणाले. "मी इथून गेलो का मेलो, समजून घ्या."

"बाबा, तुम्ही तिगावले जाऊन बसले होते. उद्या रुळावर बसान. मंग?"

"माह्या हाताले काम नाई म्हून जातो. काम द्या, मंग पाहा."

आणि त्यांनी बोट दाखवलं कोपऱ्यातल्या अॅम्प्लिफायरकडे. सागवानी पेटीतलं ते मशीन त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी बांधलं होतं. विकलं नाही, भाड्यानं दिलं नाही. रोज संध्याकाळी त्याला रेडिओ जोडून बसायचे. ते उन्हाळ्यात बंद पडलं. "आउटपुटची जोडी गेली," पुंडलिकराव म्हणाले. "एडी वन फोर्टी नाइन. दोन ट्रान्झिस्टर आना मले कोनी, अर्ध्या घंट्यात बोलवतो याले."

हे ते इतकं साफ बोलले, इतक्या जुन्या रुबाबात, की प्रणालीला वाटलं, सापडले आपले बाबा. ती लगेच भावाकडे वळली. "दादा, बाबांनी हे चालू केलं तर?"

योगेश दमला होता. त्यानं बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "तर मी नागपूरचं नावच नाई काढत. पन संक्रांतीपर्यंत. आन त्यायनंच करायचं, दुसऱ्या कोनी नाई."

झालं. प्रणालीनं पदर खोचला.

आता जुन्या ट्रान्झिस्टरची जोडी शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं शोधली त्यालाच कळावं. मोठ्या बटणाएवढी धातूची डबी, खाली दोन पाय, बास. पण ती बनायची बंद होऊन जमाना झाला. नागपूरला सीताबर्डीवरच्या दुकानांत प्रणाली शनिवारी शनिवारी हिंडली. काउंटरवरची पोरं तिच्या हातातली नंबराची चिठ्ठी उलटसुलट करून बघायची आणि हसायची. "काकू, हे म्युझियमचं सामान आहे. आतमधी नवीन बोर्ड बसवून घ्या नं, ब्लूटूथपन मिळीन." तिला त्या पोराच्या कानाखाली काढावीशी वाटली. बाबांच्या मशीनमध्ये दुसऱ्याचा बोर्ड! पण शिक्षिका बाई भर बाजारात असं करत नाही, म्हणून तिनं नुसती पिशवी उचलली.

मग फोनवरून मागवली. पार्सल आलं, छान डबीत, कापसात गुंडाळलेली जोडी. ती घेऊन रविवारी उड्या मारतच पांढुर्ण्याला आली. पुंडलिकरावांनी एक ट्रान्झिस्टर तळहातावर तोलला, नखानं वरचा नंबर खरवडला. शाई नखाला लागली.

"वरून एडी, आतून चोर," ते म्हणाले आणि डबी परत दिली. "फसवलं तुले, बाई."

जोडी नकली निघाली याचं तिला दुःख व्हायला हवं होतं. पण कशाचं काय, तिचा आनंद गगनात मावेना. नुसत्या हातानं ओळखलं की नाही? मग कोण म्हणतं माझ्या बापाचं डोकं गेलं? त्या दिवशी त्यांनी तिला जेवताना दोनदा विचारलं की तुझी आई कुठं गेली आहे, भाजी गार होऊन राहिली. प्रणालीनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही.

शेवटी वाट सापडली ती सौंसरमध्येच. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर होता, पूर्वी रेडिओचीच कामं करायचा. तो म्हणाला, "बाई, बजार कायले धुंडून राहिल्या? तुमच्या बाबानं जे मशीन लोकायले बांधून देल्ले, त्यातच हा माल भेटीन. पाहा कोनाच्या घरी धूळ खात असन तर."

असं एक मशीन मोहगावला निघालं. मनकर्णाबाईंकडे. त्यांचे यजमान गावच्या भजनी मंडळाचे, त्यांनी हौसेनं पुंडलिकरावांकडून बांधून घेतलेलं. यजमान गेले, मंडळ मोडलं आणि मशीन संत्र्यांच्या खोलीत रिकाम्या पेट्यांखाली गेलं. ट्रान्सफॉर्मर जळून काळा झालेला, आत उंदरांनी संसार थाटलेला. पण मागच्या पत्र्यावर ती जोडी शाबूत होती. प्रणालीनं फडक्यानं पुसली तसा नंबर स्वच्छ दिसला.

"ने, माय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "इथं मातीच होऊन राहिली त्याची. बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. थोडं विसरतात."

मनकर्णाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "माहा कारभारी शेवटी शेवटी मले वयनी म्हने. वयनी, माही बायको कुठं गेली म्हने. मी म्हनो, येते, वावरात गेली. पह्यले लय रडलो मी. मंग नाई रडलो."

प्रणालीला ते ऐकायचंच नव्हतं. चहा तसाच घोटभर पिऊन ती उठली. माझ्या बाबांचं तसं नाही, असं ती बसमध्ये रस्ताभर स्वतःला सांगत राहिली. इतकं सांगावं लागतं तेव्हा गोष्ट काय असते, ते तुम्हीच समजून घ्या.

संक्रांतीला योगेश तिळगूळ घेऊन आला. पुंडलिकराव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले. प्रणालीनं दिवा जवळ ओढून दिला. लहानपणी तिची जागा इथंच असायची, बाबांच्या डाव्या हाताला.

आणि काय सांगू, माणूस सुरू झाला. मीटर लावून मोहगावची जोडी तपासली. मशीन पालथं केलं. जुन्या जोडीच्या वायरी सोल्डरिंग आयर्ननं सोडवल्या, नट काढले. हात कापत नव्हता. जुने ट्रान्झिस्टर निघाले, त्यांच्याखालचे अभ्रकाचे दोन पातळ पापुद्रे निघाले, त्यांचे पांढरे वॉशर निघाले. सगळं त्यांनी एका डबीच्या झाकणात ठेवलं. योगेश भिंतीला टेकून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरही हळूहळू उजेड पडत होता. प्रणालीच्या मनात आलं, जिंकलो रे देवा.

मग पुंडलिकरावांनी मनकर्णाबाईंकडची जोडी पत्र्यावर बसवली, नट घट्ट आवळले, आणि खुर्चीत मागे टेकले.

"झालं. आता खालून वायरी जोडायच्या राहिल्या. चहा टाक नं, बाई. मी हात धुऊन येतो."

प्रणालीचं लक्ष झाकणाकडे गेलं. अभ्रकाचे दोन्ही पापुद्रे तिथंच होते.

आता हे अभ्रक काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. त्या धातूच्या डबीत अंगभर वीज खेळत असते. ती सरळ पत्र्याला टेकली की शॉर्ट. मग ट्रान्झिस्टर राहत नाही, ट्रान्सफॉर्मर राहत नाही, काही राहत नाही. म्हणून मध्ये अभ्रक घालायचं. उष्णता जाते, वीज जात नाही. हे प्रणालीला चौथीत असताना ठाऊक होतं, कारण उन्हाळ्याच्या सुटीत अभ्रक कापायचं काम तिचंच असायचं. कात्रीनं कापायचं, दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट लावायची आणि बाबांच्या हातात द्यायचं. एखाद्या दिवशी ती खेळायला पळाली तर बाबा कामच थांबवायचे. अभ्रकाशिवाय ट्रान्झिस्टर बसवणं म्हणजे तव्याशिवाय पोळी टाकणं. विसरायची गोष्टच नव्हती ती.

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. योगेशचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्यावर गेला.

तिनं काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. बाबा, अभ्रक राहिलं, एवढंच. पण सांगितलं असतं तर योगेशला कळलं असतं, आणि शर्त अशी होती की त्यांनीच करायचं. तिनं पाना उचलला. नट सोडले, ट्रान्झिस्टर उचलले, पापुद्र्यांना पेस्ट लावली, जागेवर ठेवले, वॉशर घातले, नट आवळले. हातांना इतक्या वर्षांनीही सगळं येत होतं. झाकणात नुसती जुनी जोडी उरली. तिनं बोटांची पेस्ट पदराला पुसली आणि चहा टाकायला आत गेली.

पुंडलिकराव आले, बसले, वायरी जोडल्या. झाकणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रेडिओ जोडला, बटण दाबलं. आधी हलकी घरघर, मग संत्र्याचे बाजारभाव सांगणारा एका माणसाचा आवाज खोलीत आला, भरलेला, उबदार, जणू तो समोर पाटावर बसून बोलत आहे. बाजारभाव इतक्या भक्तीनं कोणी कधी ऐकले नसतील.

योगेश बापाच्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते. "चुकलो, बाबा," म्हणाला. "राहा तुम्ही इथंच. मी नाई बोलत आता."

"मी म्हनत होतो का नाई," पुंडलिकराव म्हणाले आणि लेकीकडे बघून हसले. प्रणालीही हसली. त्या हसण्यात काही दम नव्हता, पण ते बघायला कोणाला वेळ होता?

खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं, आणि सांभाळणारी राहते सौंसरला. पुंडलिकराव पुन्हा काम करून राहिले, ही बातमी दोन दिवसांत बाजारभर झाली. लोकही मोठे प्रेमळ, मिक्सर घेऊन आले, इस्त्र्या घेऊन आले, सावरगावचा एक जण तर आजोबांचा रेडिओ घेऊन नदीपलीकडून आला. पुंडलिकरावांनी सगळं ठेवून घेतलं. फोनवर बाबांचा आवाज असा टवटवीत की प्रणालीला बरं वाटायचं. पण वर्गात पाढे घेताना तिला मध्येच तो पत्रा दिसायचा. ती नवऱ्याला सांगणार होती, गौतम समजूतदार माणूस होता. पण सांगायचं म्हणजे स्वतःच्या कानांनी ऐकायचं, म्हणून तिनं तेही टाळलं.

फेब्रुवारीत एका दुपारी शाळेत बाबांच्या शेजारच्या रजनीताईंचा फोन आला. "प्रणाली, ये तू. घाबरू नको, बाबा चांगले आहेत. पन ये."

ती पोचली तेव्हा दुकानात ओल्या राखेचा वास होता. पुंडलिकरावांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न गादीवर ठेवलं होतं आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. गादी आतून धुमसत गेली. धूर बघून काय झालं ते बघायला आत गेले आणि पेटती गादी हातानंच ओढायला लागले. रजनीताईंनी बादल्या ओतल्या. पुंडलिकरावांच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी बांधलेली होती, बोटांसकट.

"मी घरी होतो म्हून," रजनीताई हळू आवाजात म्हणाल्या. "मी रोज घरी नसतो, बाई." आणि निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुंडलिकराव ओट्यावर बसले होते. आज त्यांचा चांगला दिवस होता, किंवा दुखण्यानं त्यांना जागं केलं होतं. नजर स्वच्छ होती. प्रणाली त्यांच्या शेजारी बसली. मग तिनं विचार केला नाही, नुसतं बोलली.

"बाबा, संक्रांतीले तुम्ही अभ्रक टाकलं नव्हतं. तुम्ही हात धुवाले गेले तेव्हा मी टाकलं."

रस्त्यावरून संत्र्यांचा ट्रॅक्टर गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पुंडलिकराव त्याच्याकडे बघत राहिले.

"एकाले?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"एकाले नव्हतं, का दोन्हीले?"

कारागिराचा प्रश्न होता तो. प्रणालीला खोटं बोलता आलं असतं. एकाला म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण गादीच्या राखेचा वास अजून नाकात होता.

"दोन्हीले," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "एक राहिलं असतं त म्हनलो असतो का घाई झाली," ते म्हणाले. "दोन्ही म्हनजे मंग ध्यानातच नव्हतं." आणि पट्टीतल्या हाताकडे ते असे पाहत राहिले की जणू तो दुसऱ्या कोणाचा इथं ठेवायला दिलेला आहे.

प्रणालीला रडू आवरेना. ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली, रस्त्यावरची माणसं बघत होती तरी. "माफ करा, बाबा. मले वाटलं, तुम्ही इथंच राहावं."

"चूप, चूप. तू त काम बरोबर केलं. पेस्ट लावली होती नं?"

"हाओ."

"मंग झालं." त्यांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. मग जरा थांबून विचारलं, "योगेशले माईत आहे हे?"

"नाई."

"त्याले सांगू नको. बह्यनीवरचा भरोसा जाईन त्याचा. तुमाले दोघायलेच राहाचं आहे पुढं." त्यांनी हात पुढे केला. "लाव त्याले फोन. मले नंबर नाई येत आता."

तिनं लावला. बोटं इतकी ओली होती की दोनदा चुकला. फोन त्यांच्या कानाशी तिनंच धरला. तिकडून योगेशचा घाबरलेला आवाज आला, काय झालं बाबा, सगळं ठीक आहे नं?

"हाओ, ठीक आहे," पुंडलिकराव म्हणाले. जन्मभर ज्या गावाबाहेर या माणसाला एक रात्र झोप लागली नाही, त्या गावाच्या रस्त्याकडे बघत ते अगदी सहज बोलत होते, जणू कंटाळाच आला आहे. "काई नाई रे. तुही ती खोली अजून खाली आहे का? मंग येऊन घेऊन जाय मले. इथं करमून नाई राहिलं आता."